हाताले यश

आमच्या घरात अंडं येत नसे. बाबांना वाससुद्धा चालत नव्हता. शेजारच्या गिरजामावशीच्या कोंबड्या काट्यांच्या कुंपणातून आमच्या अंगणात शिरल्या, की ते खाटेवरूनच काठी आपटायचे आणि मावशी पलीकडून ओरडायची, "मारा भाऊ, मारा! मेली तं तुमच्याच चुलीवर रांधीन." त्यामुळे त्या पावसाळ्यात मावशीची एक लाल कोंबडी आमच्या गोठ्यात, गव्हाणीच्या कोपऱ्यात, दीड-दोन महिने मुक्कामाला होती असं सांगितलं, तर भावकीतले जुने लोक अजून हसतात. हसून झालं की पुढचं कोणी विचारत नाही. मीही सांगत नाही. सांगायचं होतं ते एकदाच सांगून पाहिलं, त्याचं काय झालं ते शेवटी येईल.

आमचं गाव आंजीच्या पुढे, नाल्याच्या वळणावर. घर मातीच्या भिंतींचं, वर कवेलू, मागे गोठा, गोठ्यामागे बोरी-बाभळी. पहाटे आधी नाल्याकडून मोर ओरडायचे, मग बैलांच्या गळ्यातल्या घाट्या वाजायच्या, मग मायच्या परातीवर भाकरीची थाप. सकाळच्या न्याहारीला शिळ्या भाकरीचा कुस्करा नाहीतर ज्वारीच्या कण्या, दुपारी शेतात अंबाडीची भाजी आणि तिखट. मी बारावीत एकदा आपटलो होतो आणि पुन्हा बसायचं म्हणून घरी होतो, म्हणजे सगळ्यांच्या हाताखाली होतो. घरात माय, बाबा, माझा मोठा भाऊ म्हणजे दादा आणि त्याची बायको सिंधू वहिनी. दादा कमी बोलायचा. वहिनी पवनारची, धाम नदीवर पोहायला शिकलेली. लग्न होऊन आली तेव्हा तिचं हसणं गोठ्यातून चुलीपर्यंत ऐकू येई, आणि माय म्हणायची, "हळू हास व बाई, बैल बुजतीन."

नंतर तिची दोन बाळंतपणं रिकामी गेली. पहिलं मूल पोटातच गेलं. दुसरं मुलगी होती, बारशापर्यंतही राहिली नाही. त्यानंतर वहिनी हसायची थांबली असं म्हणणं सोपं आहे. खरं तर ती हात आखडून घ्यायला लागली. आमच्याकडे माणसाच्या हाताची ख्याती असते. कोणी लावलेलं रोप जगतं, कोणी घातलेलं लोणचं नासत नाही, कोणी बसवलेल्या कोंबडीखालून सगळी पिलं निघतात, हे गावाला पाठ असतं. अशा माणसाच्या हाताले यश आहे म्हणतात, आणि पेरणीच्या दिवशी पहिली मूठ टाकायला त्याला बोलावतात. ज्याच्या हाताले यश नाही त्याला कोणी काही म्हणत नाही, फक्त बोलावत नाही. वहिनीला बोलावणं बंद झालं. माय वाईट नव्हती. पण मिरच्यांची रोपं लावायच्या दिवशी ती वहिनीला नेमकी दळणाला पाठवायची, आणि वहिनीला ते कळायचं.

आषाढी एकादशीच्या सुमारास आम्ही पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, तण काढायला डवरणी करत होतो. दादाचे बैल धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाजवळ आले आणि गवतातून एक लांडोर फडफडत उठली, बैलांच्या तोंडासमोरून गेली. बैल बिथरले. दादा त्यांना आवरत होता तोवर मी गवत बाजूला केलं. उघड्या मातीत खळगा, त्यात मळकट पांढरी, कोंबडीच्या अंड्याहून बरीच मोठी पाच अंडी. गरम होती. मी एकेक उचललं, कानाशी धरलं, परत ठेवलं.

"हात लावला?" दादा म्हणाला.

"पाह्यलं फक्त."

"झालं मग. आता ते येत नाई. माणसाचा हात लागला का लांडोर पुन्हा बसत नाई."

हे आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं. माझ्या आजोबांना माहीत होतं, त्यांच्या बापाला माहीत होतं. म्हणून अंडी मी शेल्याच्या खोळीत घालून घरी आणली, आणि मला वाटलं आपण पुण्य करतोय. ती लांडोर पुढचे काही दिवस त्या धुऱ्यावर संध्याकाळी येऊन उभी राहायची, ओरडायची, गवतात मान घालायची. मी ते पाहिलं. पाहूनही आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही, की ती परत आलेली आहे.

घरी बाबा आधी अंडी पाहून मागे सरले. मग मोराची आहेत म्हटल्यावर विचारात पडले. मोर देवाचं वाहन, त्याला नाही म्हणता येईना. आणि मोर सरकारी पाखरू, पाळलं तर वनवाले धरतात, हेही त्यांना ठाऊक होतं. शेवटी म्हणाले, "गोठ्यात ठेवा. उडाले लागले का नाल्यावर सोडून द्या. अन् गावभर बोंबलू नोका." गिरजामावशीची लाल कोंबडी तेव्हा खुडूक होती. मावशी ती काखेत मारून आली, टोपल्यात तणस पसरलं, आणि अंडी कोणी ठेवायची यावर गोठ्याच्या दारात माय आणि मावशी उभ्या राहिल्या.

"आण इकडं, मी ठेवून देईन," मावशी म्हणाली. वहिनी अंडी ओट्यात घेऊन उभी होती. तिच्याकडे न पाहता मावशी मायला म्हणाली, "तिले काऊन लावून राह्यली तू? मालूम आहे न."

मायने टोपल्यातलं तणस हाताने सारखं केलं. मग म्हणाली, "ठेवू दे तिलेच. एक डाव पाहू."

'पाहू' हा शब्द वहिनीने ऐकला तो मी पाहिला. तिने गुडघे टेकले, एकेक अंडं पदराने पुसून तणसात ठेवलं, आणि प्रत्येक वेळी हात क्षणभर अंड्यावर तसाच ठेवला. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या टोपल्यात काय शिजतंय हे सगळ्यांना कळत होतं. अंड्यांमधून पिलं निघणार का एवढाच प्रश्न नव्हता.

कोंबडीची पिलं तीन आठवड्यांत निघतात, मोराची निघायला त्याहून जास्त लागतं. लाल कोंबडीला हे कोण सांगणार? तिचे दिवस भरले तशी ती टोपल्यातून उठायला लागली. दाणे खायला गेली की परत यायचं नाव नाही. वहिनीने तिला धरून बसवलं, वर डालं पालथं घातलं, डाल्यावर पाटा ठेवला. कोंबडीने आतून असा कल्ला केला की बाबांनी जेवण सोडलं. मग वहिनीने कोंबडी मोकळी करून अंडी सरकी काढलेल्या कापसात गुंडाळली आणि पोटाशी बांधली. दिवसा भाकरी थापताना, निंदताना, ती कमरेत न वाकता गुडघ्यात वाकायची. गिरजामावशी कुंपणावरून म्हणाली, "अवं सिंधू, कितवा महिना व?" माझ्या मनात आलं, आता ही रडणार. वहिनी म्हणाली, "भरत आला मावशी. डोहाळे पुरवा, कोंबडी पाठवा." मावशी इतकी हसली की तिला खोकला लागला. किती तरी दिवसांनी वहिनीचा तो आवाज चुलीपर्यंत आला होता. मायने पळीने वरण ढवळायचं थांबवलं.

राखीच्या सुमारास अंड्यांना चिरा गेल्या. चार निघाली, एक वांझ निघालं. मातकट रंगाची, उंच पायांची, मान ताणून पाहणारी पिलं. लाल कोंबडीला ती दाखवली तशी तिने लगेच ताब्यात घेतली, जणू मधलं काही झालंच नाही. पण दुसऱ्या दिवशी पिलं निपचित पडायला लागली. कोंबडी माती उकरून हाका मारायची, आणि पिलं मातीकडे न पाहता तिच्या चोचीकडे वर पाहत उभी राहायची. दाणे पायाखाली, कण्या पायाखाली, आणि ही वर पाहतायत. वहिनी तिथे उकिडवी बसून दुपारभर पाहत राहिली. मग तिने उधई, म्हणजे वाळवी, एकेक करून अंगठा आणि बोट यांच्यात धरली आणि पिलाच्या डोळ्यांसमोर उंच धरली. पिलाने ती टिपली. लांडोर चोचीतून भरवत असावी आणि त्यांना तेवढंच कळत असावं. तेव्हापासून पिलं कोंबडीकडे ऊब घ्यायला जायची आणि खायला वहिनीच्या हाताकडे. वहिनी गोठ्यात शिरली की चारही माना तिच्या बोटांकडे वळायच्या.

उधई आणायचं काम माझं. नाल्यापलीकडे मोठं वारूळ होतं. रोज सब्बल घेऊन जायचं, खणायचं, पळसाच्या पानांच्या डोण्यात भरून आणायचं. पोळ्याला बैल सजले तेव्हा पिलांच्या पंखांना पिसं आली होती आणि ती गव्हाणीच्या काठावर उडी मारून बसत होती. गावात बातमी लपली नव्हतीच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी खालच्या आळीतली एक बाई आपली खुडूक कोंबडी घेऊन आली आणि मायला न विचारता थेट वहिनीला म्हणाली, "अंडे ठेवून दे व बाई तुह्या हातानं." मायने त्या रात्री जेवताना, दादाच्या ताटात भाकर टाकत टाकत, सहज सांगितल्यासारखं सांगितलं, "औंदा महालक्ष्म्या सिंधूच आणन घरात." महालक्ष्म्यांचे मुखवटे दारातून आत आणायचे ते लेकुरवाळ्या सवाष्णीने. आत येताना मागून विचारतात, महालक्ष्मी कशाच्या पावलानं आली, आणि ती म्हणते, सोन्याच्या पावलानं, धान्याच्या पावलानं, लेकराबाळाच्या पावलानं. लग्न झाल्यापासून वहिनीने ते फक्त चुलीजवळून ऐकलं होतं. तिने मान वर केली नाही. पण तिच्या हातातला वरणाचा गंज खाली ठेवताना वाजला.

इथवर मी भरभर लिहीत आलो. इथून पुढे माझा हात अडतो. मी आता वर्ध्याला, नाळवाडीच्या घराच्या गच्चीवर बसून हे लिहितो आहे, खाली भांडी घासल्याचा आवाज येतो आहे, आणि भांडी वहिनीच घासते आहे.

गणपती बसले होते. आंजीत मंडळाने त्या दिवशी व्हिडिओ आणला होता, लागोपाठ तीन सिनेमे. गावातली सगळी पोरं सायकलींवर डबल-ट्रिपल बसून जाणार होती आणि मला जागा धरायची होती. उधई आणायला नाल्यापलीकडे जायचं म्हणजे जाणं, खणणं, येणं, सगळी दुपार जाणार. आदल्या दिवशीच दादाने आणि मी पाठीवर पंप बांधून पऱ्हाटीवर फवारणी केली होती. मी वारुळाकडे निघालो तो पऱ्हाटीतूनच. तासांमध्ये, दोन ओळींच्या मधे, झाडांच्या बुडाशी हिरव्या अळ्या पडल्या होत्या. काही मेलेल्या, काही अजून वळवळणाऱ्या. नुसत्या वेचायच्या. मी उभा राहिलो. हाताला अजून आदल्या दिवशीच्या औषधाचा वास होता. तो साबणाने जात नाही, आठवडाभर भाकरीलाही येतो. म्हणजे मला कळलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मला वाटलं, एवढ्या एवढ्याने काय होतंय. मी खाली बसलो आणि डोणा भरला.

वहिनी म्हणाली, "आज अळ्या? कुठल्या जी?"

"धुऱ्यावरच्या. गवतातल्या."

"बरं झालं. उधई खाऊन कंटायले असतीन बिचारे." तिने डोणा घेतला आणि बसली. मी न्हाणीपाशी जाऊन तोंड धुतलं, भिंतीवरच्या आरशात केसांचा भांग पाडला. तिथून गोठा दिसायचा. पहिल्या पिलाने भराभर खाल्लं, दुसऱ्यानेही. थोड्या वेळाने पहिल्याचे पंख खाली ओघळले. ते चालायला गेलं आणि पाय मागे राहिले. चोचीतून लाळ आली, मान मागे वळायला लागली. "अवं, याले काय झालं?" वहिनी म्हणाली. तिने त्याला मांडीवर घेतलं, फुंकर घातली, आणि मग उरलेली दोन भुकेजली असतील म्हणून दुसऱ्या हाताने डोण्यातली अळी उचलली.

मी कंगवा धरून उभा होतो. तिच्यात आणि माझ्यात एक अंगण होतं. 'वहिनी, देऊ नका' एवढं म्हणायला श्वाससुद्धा लागला नसता. तिसऱ्या पिलाने टिपलं. चौथं लाजाळू होतं, ते मागे होतं. त्याला तिने चुचकारून पुढे बोलावलं. ते आलं, मान वर करून तिच्या बोटांकडे पाहिलं आणि टिपलं. बाहेर सायकलीची घंटी वाजली, कोणीतरी ओरडलं, "चाल बे, जागा नाई भेटणार." मी गेलो. तिन्ही सिनेमे पाहिले. त्यातलं एकही चित्र मला आज आठवत नाही, आणि त्या चौथ्या पिलाची मान मला चांगली आठवते.

उजाडता परतलो तेव्हा दादाचा बोरीखाली खड्डा करून झाला होता. गुरांच्या डॉक्टरकडे न्यायचा प्रश्नच आला नव्हता. सरकारी पाखरू घेऊन सरकारी माणसाकडे कोण जाणार. वहिनी गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली होती, दोन्ही हात तळवे वर करून मांडीवर ठेवलेले, जणू ते दुसऱ्याचे आहेत आणि धरायला दिलेत. लाल कोंबडी तिच्यासमोर माती उकरून हाका मारत होती. गिरजामावशी आली, तिने खड्डा पाहिला, कोंबडी काखेत घेतली आणि पहिल्यांदाच काही न बोलता गेली. कुंपणापलीकडे गेल्यावर मात्र बोलली, कोणाला तरी, हळू नव्हे: "मी म्हटलं होतं. निघाले तं निघाले, तिच्याच हातचं खाऊन मेले."

माझ्याकडे कोणी संशयाने पाहिलंसुद्धा नाही. दादाने एकदा विचारलं, अळ्या कुठून आणल्या होत्या. मी म्हणालो, धुऱ्यावरून. दादाने माझ्याकडे पाहिलं, मग पऱ्हाटीकडे पाहिलं. त्याला समजलं असेल का हे मला कधीच कळलं नाही. पुढे तो वारला, विचारायचं राहिलं.

महालक्ष्म्या आल्या त्या दिवशी मायने गिरजामावशीलाच बोलावलं. मावशीला पाच लेकरं होती. मी ओसरीत टाळ घेऊन उभा होतो. हळदी-कुंकवाच्या पावलांवरून मुखवटा घेऊन मावशी आत आली, मायने विचारलं, "महालक्ष्मी आली, कशाच्या पावलानं आली?" आणि मावशी ठणठणीत आवाजात म्हणाली, "लेकराबाळाच्या पावलानं आली." वहिनी आत आंबील ढवळत होती. खरं तर नैवेद्याच्या आंबिलीलाही तिने स्वतःहून हात लावला नव्हता. मायने कामाच्या घाईत पळी तिच्या हातात दिली तेव्हा तिने ती पदराने धरली. सगळ्यांनी आंबील खाल्ली. मी दोनदा मागून घेतली, कारण नाही म्हटलं तर कोणीतरी 'काऊन?' असं विचारलं असतं.

त्यानंतर वहिनीच्या पोटी मूल आलं नाही. खालच्या आळीतली बाई तर आपली कोंबडी पिलं मेल्याच्या दुसऱ्याच दिवशी घेऊन गेली होती. वहिनीने पुढे रोप लावलं नाही, लोणचं घातलं नाही, कोणाच्या तान्ह्याला घेतलं नाही. मी पुढे वर्ध्याला नोकरीला लागलो, नाळवाडीत घर बांधलं, लग्न झालं, मुलगी झाली. मुलगी दाखवायला गावी नेली तेव्हा वहिनी दारात हात मागे घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "दुरूनच पाहतो जी भाऊजी. गोड आहे." बायकोला वाटलं, मोठी जाऊ जळते. मी तिला समजावलं नाही. समजवायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. आणि दरवेळी वाटायचं, आता एवढी वर्षं गेली, आता सांगून काय. हे वाक्य मी दर वर्षी म्हणत आलो आणि दर वर्षी ते थोडं जास्त खरं होत गेलं.

दादा गेल्यावर वहिनीला आम्ही नाळवाडीला आणलं. यंदा माझी मुलगी बाळंतपणाला माहेरी आली. पाळणा पुढच्या खोलीत बांधला. एका दुपारी बायको बाजारात, मुलगी न्हाणीत, आणि बाळ रडायला लागलं. मी खोलीत आलो तर वहिनी पाळण्यापासून दोन हातांवर उभी होती, हात पदरात गुंडाळलेले, आणि तिथूनच गुणगुणत होती, "उगी माय, उगी, आई येऊन राह्यली." पाळण्याची दोरी तिच्या समोर लोंबत होती. तीसुद्धा तिने धरली नव्हती.

मी म्हणालो, "वहिनी, त्या अळ्या धुऱ्यावरच्या नव्हत्या. पऱ्हाटीतल्या होत्या. फवारलेल्या. मले माहीत होतं."

कोणत्या अळ्या, असं तिने विचारलं नाही. ती गुणगुणायची थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून मी वाट पाहिली. मला तो हवा होता. पण तिने मान हलवली, लहान मुलाला समजावताना हलवतात तशी.

"नाई जी भाऊजी. धुऱ्यावरच्याच होत्या. तुम्हीच तं सांगतलं होतं मले."

"खोटं सांगितलं होतं."

"तवा तुम्ही खोटं काऊन बोलान? पोट्टे होते तुम्ही, भोळे. रोज उधई आणून देत होते मह्या पिलांसाठी." ती थोडं हसली. "खोटं तं आता बोलून राह्यले. मले बरं वाटावं म्हून. कळते मले."

मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं. दादाने पऱ्हाटीकडे पाहिलं होतं ते, कंगवा, अंगण, सगळं. तिने पदरातून हात न काढता पाळण्याकडे खूण केली.

"उचला बाप्पा तिले. किती रडून राह्यली."

मी उचललं. माझ्या हाताबद्दल आजवर कोणी काही म्हटलेलं नाही.